प्रकल्पाच्या गटात तुमच्या मुलाच्या वाट्याला काय येते?

हिंगोलीहून वाशीमकडे निघालेली एसटी पैनगंगा ओलांडण्याआधी कनेरगाव नाक्यावर थांबते. मराठवाडा इथे संपतो आणि नदीपलीकडे विदर्भ सुरू होतो. या पट्ट्यातल्या शाळांत गावठाणातली, बौद्धवस्तीतली, मोहल्ल्यातली, तांड्यावरची आणि आंध समाजाची मुले एकाच वर्गात येऊ शकतात. विज्ञानाचा गटप्रकल्प जाहीर झाला की यांतल्या अनेक घरांत तेच ते प्रश्न निघतात. गटात घातल्याने मुलीची भीती मोडेल, की ती आणखीच मागे सरकेल? प्रकल्पाच्या नादात दहावीचे गुण तर जाणार नाहीत ना? कल्पना निवडली गेली तर नाव कुणाचे लागेल? उर्दू माध्यमातून आलेल्या मुलाने अकरावीच्या गटात तोंड कसे उघडायचे?

हा लेख अशा पालकांसाठी, विद्यार्थ्यांसाठी आणि गट पाडणाऱ्या शिक्षकांसाठी आहे. नुसत्या गटात बसवल्याने कुणाचाही आत्मविश्वास वाढत नाही. आपल्या मुलाने मोजलेला आकडा आल्याशिवाय ज्या गटाचा निष्कर्षच निघत नाही, त्या गटात तो वाढतो. जिथे त्याच्या वाट्याला चार्टची चौकट रंगवणे आणि टेबल उचलणे येते, तिथे असलेलाही खचतो. त्यामुळे 'गट चांगला की वाईट' हा वाद घालत बसण्यापेक्षा 'गटात नेमके काय काम मिळाले' हे विचारा.

आधी 'अल्पसंख्याक' या शब्दाचा गोंधळ मिटवा

फॉर्म भरताना या शब्दाला कायद्याचा ठरलेला अर्थ आहे. केंद्र सरकारने १९९३ मध्ये मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध आणि पारशी या पाच समाजांना अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. २०१४ मध्ये त्यांत जैन समाज आला. आंध समाज अनुसूचित जमातींत मोडतो आणि महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जातींत. या समाजांच्या योजना आणि खिडक्या वेगळ्या आहेत. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्या कुटुंबांना १९९० पासून केंद्राच्या पातळीवरही अनुसूचित जातींच्या सवलती मिळतात. म्हणजे असा विद्यार्थी दोन्ही रांगांत बसू शकतो. पण एकाच वर्षी दोन शिष्यवृत्त्या उचलता येत नाहीत. तेव्हा कोणत्या योजनेत रक्कम जास्त आणि कोणत्या योजनेत वसतिगृहाचा खर्च धरला आहे, हे आधी ताडून पाहा आणि मगच अर्ज करा.

वर्गातला अर्थ मात्र साधा आहे. ज्याच्यासारखे त्या खोलीत फार कुणी नाही, तो तिथे अल्पसंख्य. अकरावी विज्ञानात बसलेल्या दोन मुस्लिम मुली किंवा तांड्यावरून रोज येणारा एकच मुलगा अशा या जागा. पुढचा लेख याच अर्थाने वाचा.

हे आधी करून पाहिलेले आहे

१९७४ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने १९८० पासून महापालिका शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांसोबत एक दीर्घ उपक्रम चालवला. डॉ. वि. गो. कुलकर्णी आणि डॉ. सुधाकर आगरकर यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. त्यांना आढळले की मुले विज्ञानापेक्षा पुस्तकाच्या भाषेलाच जास्त अडखळतात. भाषा सोपी केली आणि मुलांना स्वतः करून पाहायला, बोलायला लावले, की तीच मुले पुढे येतात. कनेरगाव नाक्याला हे तंतोतंत लागू पडते. भाषेच्या अडचणीवर पुढे सविस्तर लिहिले आहे.

दुसरा अनुभव अमेरिकेतला. १९७० च्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात युरी ट्राइसमन या तरुण संशोधकाला एक कोडे पडले होते. कृष्णवर्णीय विद्यार्थी हुशार असूनही कलनशास्त्रात, म्हणजे कॅलक्युलसमध्ये, का मागे पडतात? त्याने वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास जवळून पाहिला. चिनी वंशाची मुले एकत्र बसून एकमेकांच्या चुका काढत होती. वीसपैकी अठरा कृष्णवर्णीय विद्यार्थी मात्र एकटेच अभ्यास करत होते. कष्टात ती कुठेच कमी नव्हती, पण चूक दाखवणारे कुणी सोबत नव्हते. ट्राइसमनने त्यांच्यासाठी गटकार्यशाळा सुरू केल्या, पण त्यांना 'कच्च्या मुलांचा जादा तास' असे रूप येऊ दिले नाही. तिथे नेहमीपेक्षा अवघड गणिते दिली जात. शिक्षकांनी यातली हीच गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. मागे पडलेल्या मुलांचा वेगळा गट करून त्याला सोपे काम दिले, तर शिक्षकाचे आपल्याविषयीचे मत गटाला पहिल्याच दिवशी कळते.

तिसरी युक्ती उद्याच वर्गात वापरता येईल. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन मुलांना एकाच शाळेत आणले गेले आणि वर्गात भांडणे सुरू झाली. मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांनी धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. परीक्षा सगळ्या धड्यावर होती. ज्याला हसले जायचे, त्याच्या तुकड्यावाचून बाकीच्यांचे अडले. मग त्याला प्रश्न विचारणे आणि त्याचे ऐकून घेणे भागच पडले. या पद्धतीला 'जिगसॉ', म्हणजे तुकडे जोडायचा खेळ, असे नाव पडले.

गट कसा बांधायचा

मध्य प्रदेशात १९७२ मध्ये होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्यात सरकारी शाळांतली मुले चौघांच्या टोळीने प्रयोग करत. चार हा आकडा आजही सोयीचा आहे. सहा जणांत दोघे हमखास प्रेक्षक होतात. दोघांचाच गट असेल तर एक आजारी पडला की काम थांबते.

- गट चिठ्ठ्या टाकून पाडू नका आणि 'तुम्हीच ठरवा' असेही सांगू नका. चिठ्ठीत एकटी मुलगी तीन मुलांच्या गटात जाऊन पडते. मुलांवर सोडले तर गट वस्तीवार पडतात. गट शिक्षकांनी विचार करून पाडावेत.
- वर्गात एखाद्या समाजाची दोनच मुले असतील, तर त्यांना 'सगळीकडे वाटून' टाकू नका. दोघे एका गटात असले की पहिला प्रश्न विचारायला बळ मिळते.
- मोजणी, नोंद, पडताळणी आणि मांडणी अशी चार कामे ठरवा आणि ती दर आठवड्याला फिरवा. कोणत्या आठवड्यात कुणाकडे कोणते काम, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. कामे फिरवली नाहीत तर मांडणी कायम बोलक्या मुलाकडे आणि नोंद कायम चांगल्या अक्षराच्या मुलीकडे राहते.
- गट बसेल तो शाळेत, ग्रामपंचायतीच्या वाचनालयात किंवा मंदिर-मशीद-विहार सोडून कुठल्याही सार्वजनिक ओट्यावर. कुणाच्या घरी बसायचे ठरले, तर कुणाच्या घरात कोण जाते आणि कोण कुठले पाणी पिते, हा गावाचा जुना हिशेब मुलांच्या अंगावर येतो. ते ओझे प्रकल्पावर टाकू नका.
- शेवटच्या गाडीची वेळ आधी विचारा. साडेचारच्या एसटीने जाणारी मुलगी पाचच्या बैठकीला राहू शकत नाही. तिला आळशी ठरवणे सोपे असते, पण ते अन्यायाचे आहे.

एक प्रकल्प जवळून: सोयाबीनची उगवण

विषय निवडताना एकच कसोटी लावा. प्रत्येक मुलाने घरून किंवा वस्तीवरून आणलेली एखादी वस्तू किंवा नोंद त्यात हवीच. थर्माकोलचा ज्वालामुखी या कसोटीवर नापास होतो, कारण तो एकट्याने केला काय आणि चौघांनी केला काय, सारखाच. हिंगोली जिल्ह्यात या कसोटीला उतरणारा सर्वांत सोपा विषय म्हणजे घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवणक्षमता. शाळा जूनच्या मध्यात उघडते आणि पेरणीचे दिवसही तेच असतात.

प्रत्येकाने आपल्या घरच्या पोत्यातून, वरून, मधून आणि तळातून मिळून न निवडता शंभर दाणे घ्यायचे. फुटके दाणेही बाजूला काढायचे नाहीत, नाहीतर चाचणीला अर्थ उरत नाही. गोणपाट पाण्यात भिजवून, पिळून, जमिनीवर पसरायचे. त्यावर दहा ओळींत दहा-दहा दाणे बोटभर अंतरावर मांडायचे, वर दुसरे ओले गोणपाट घालायचे आणि अलगद गुंडाळी करून सुतळीने सैल बांधायचे. गुंडाळी सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचे. सहा-सात दिवसांनी ती चौघांच्या समोर उलगडायची. कुजक्या गोणपाटाचा वास येतो. पांढरे मूळ बाहेर आलेले दाणे एका बाजूला, नुसते फुगलेले दुसऱ्या बाजूला आणि बुरशी लागलेले तिसऱ्या बाजूला. शंभरात किती दाण्यांना निरोगी कोंब आला, तो टक्का. सोयाबीन बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी, हा बियाणे प्रमाणीकरणाचा निकष आहे.

समजा, चौघांचे आकडे ८२, ७४, ६१ आणि ७८ आले. घाईत मुले सरासरी काढतात, ती ७३.७५ येते आणि 'सगळे बियाणे चांगले' असे लिहून वही मिटते. शिक्षकांनी इथे थांबावे. सरासरीने ६१ झाकले गेले आहेत आणि त्या घराची पेरणी आठवड्यावर आली आहे. ६१ आणणाऱ्या मुलाची मान खाली जाते. पण सांगण्यासारखे सर्वांत जास्त त्याच्याकडेच आहे. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल पातळ असते. मळणीयंत्राचा वेग जास्त ठेवला, पोती आपटली, थप्पी उंच लावली किंवा काढणीच्या वेळी पाऊस लागला, तर आतला अंकुर दुखावतो. यांतले काय घडले हे त्याने घरी विचारून यायचे. दुसऱ्याने त्याच पोत्यातले आणखी शंभर दाणे लावून आकडा पुन्हा तपासायचा, कारण एका चाचणीवर भरवसा ठेवायचा नसतो. तिसऱ्याने बियाणे वाढवून पेरायचे की बदलायचे हे कृषी सहायकांना विचारायचे. चौथ्याने हे सगळे पालकसभेत तीन मिनिटांत सांगायचे.

मुलगा पालकांसमोर उभा राहून 'आमच्या पोत्यातल्या शंभरातले एकसष्टच उगवले आणि त्याचे कारण आम्हाला असे वाटते' असे सांगतो. त्या क्षणी त्याच्या घरातला आकडा गावाच्या कामाचा ठरतो. पाठ केलेल्या भाषणातून हे बळ येत नाही. तीन मिनिटे अडखळत का होईना, ते त्यानेच बोलावे. मध्ये तोंड घालून वाक्य पूर्ण करणारे शिक्षक आणि भाऊ-बहीण यांनी या वेळी गप्प बसावे.

यात एक खड्डा आहे. ज्याच्या घरी शेत नाही त्याने काय आणायचे? नाक्यावर चहाची टपरी चालवणाऱ्याच्या किंवा रोजंदारीवर जाणाऱ्याच्या मुलाला हा विषय पहिल्या दिवशीच बाहेर काढू शकतो. त्यावर दोन उपाय आहेत. दुकानातल्या प्रमाणित पिशवीतले शंभर दाणे त्याच्याकडे द्या. चौघांची तुलना ज्याच्याशी करायची, ते माप मग त्याच्या हातात राहते. नाहीतर सगळ्यांच्या स्वयंपाकघरात सापडणारा विषय घ्या. वसमतच्या हळदीने हा जिल्हा ओळखला जातो. तीच हळद पाण्यात कालवून टीपकागदावर लावा आणि वाळवा. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने कागद लालसर तपकिरी होतो, लिंबू पिळले की परत पिवळा. प्रत्येकाने घरून साबण, शाम्पू, चुना, ताक असे काहीतरी आणायचे. साध्या पाण्यात आणि लिंबाच्या रसात या कागदाचा रंग वेगळा दिसत नाही. 'हळदीला आम्ल ओळखता येत नाही' असे म्हणणाऱ्या मुलीला गप्प करू नका. तिने दर्शकाची मर्यादा शोधली आहे.

विहिरी-बोअरच्या पाण्याचा जडपणा साबणाच्या फेसावरून मोजणे हाही चांगला विषय आहे. पण 'कोणत्या वस्तीचे पाणी खराब' अशी यादी भिंतीवर लावू नका. नमुन्यांना क्रमांक द्या.

भाषेचे तीन रकाने

महाराष्ट्रात बालभारतीची पुस्तके आठ माध्यमांत निघतात. दहावीपर्यंत उर्दूतून विज्ञान शिकलेली मुलगी अकरावीला इंग्रजी पुस्तक आणि मराठीत समजावणारे सर यांच्यामध्ये सापडते. तिला प्रकाशसंश्लेषण ठाऊक असते, पण 'ज़ियाई तालीफ' या नावाने. आम्लाला ती 'तुर्शा' म्हणते आणि आम्लारीला 'असास'. वर्ग तिला अडाणी समजतो. खरे तर एकच गोष्ट तिला दोन नावांनी येते.

गटाच्या वहीत पहिल्या दिवसापासून तीन रकाने आखा: घरची किंवा जुन्या माध्यमाची संज्ञा, मराठी संज्ञा आणि इंग्रजी उच्चार देवनागरीत. दर आठवड्याला दहा शब्द लिहा आणि पहिला रकाना ज्याची भाषा वेगळी त्याने सांगून भरवावा. शिकवणारा तो आणि लिहून घेणारे बाकीचे तिघे, असे.

एक फसवा शब्द मुद्दाम सांगायला हवा. मराठीत 'अणू' म्हणजे अॅटम आणि 'रेणू' म्हणजे मॉलिक्यूल. हिंदीत 'परमाणु' म्हणजे अॅटम आणि 'अणु' म्हणजे मॉलिक्यूल. मोबाइलवर हिंदी व्हिडिओ पाहून अभ्यास करणारी मुले इथे हमखास चुकतात आणि मुळातच काही समजले नाही असे शिक्षकांना वाटते. उर्दूत पुन्हा 'जौहर' आणि 'सालिमा' असे वेगळेच शब्द आहेत. एवढे एक पान फळ्यावर लिहिले तरी अर्धा वर्ग सुटकेचा श्वास सोडेल.

कुठे गुण मिळतात, कुठे नाव लागते

पालकांची गुणांची काळजी रास्त आहे. दहावीला विज्ञानाच्या दोन लेखी पेपरांचे ४०-४० आणि प्रात्यक्षिकांचे २० गुण असतात. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रात प्रत्येकी ७० लेखी आणि ३० प्रात्यक्षिकाचे. तोंडी परीक्षेत परीक्षक 'हे का केले?' असे विचारतो आणि प्रकल्पात मोजणी-पडताळणी केलेल्या मुलाला उत्तर द्यायला सोपे जाते. आठवड्याला दोन तासांपेक्षा जास्त वेळ जात असेल, तर मात्र विषय मोठा घेतला आहे. तो छोटा करा.

शाळेबाहेरच्या वाटांवर नावाचे नियम वेगवेगळे आहेत आणि भांडणे तिथेच होतात.

इन्स्पायर मानक पुरस्कार. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची ही योजना सहावी ते दहावीसाठी होती, अलीकडे ती बारावीपर्यंत वाढवली आहे. शाळेने कल्पना ऑनलाइन पाठवायच्या असतात. निवड झाल्यास १०,००० रुपये थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येतात. योजना एका विद्यार्थ्याच्या नावावर असते. गटाची कल्पना एकाच मुलाच्या नावाने गेली तर उरलेले तिघे दुखावतात, आणि ते नाव बहुधा वजनदार घरच्या मुलाचे असते. एका शाळेला एकापेक्षा जास्त कल्पना पाठवता येतात. म्हणून गटातल्या प्रत्येकाला प्रकल्पातून निघालेली आपली स्वतंत्र कल्पना मांडायला सांगा. सोयाबीनच्या प्रकल्पातूनच थप्पीची उंची, मळणीयंत्राचा वेग, ओलावा ओळखणे अशा तीन वेगळ्या कल्पना निघतात. विद्यार्थ्याचे बँक खाते आधी उघडून ठेवा.

राष्ट्रीय बालविज्ञान परिषद. १९९३ पासूनच्या या उपक्रमात १० ते १७ वर्षांची मुले स्थानिक प्रश्नावर प्रकल्प करतात, तोही आपल्या भाषेत. शाळा सुटलेल्या मुलालाही यात भाग घेता येतो. पूर्वी मोठे गट चालत, अलीकडच्या नियमांत गट दोघांचा झाला. चौघांनी काम केले असेल तर दोन जोड्या करून प्रश्नाचे दोन भाग करा. कुणाला वगळू नका. विषय आणि तारखा त्या वर्षीच्या परिपत्रकातून पाहा.

तालुका आणि जिल्हा विज्ञान प्रदर्शन. प्रतिकृतीसोबत किती विद्यार्थी जाऊ शकतात, हे शाळेला आधीच विचारा. कोण जाणार हे शिक्षकांनी आयत्या वेळी ठरवू नये. वहीतल्या नोंदी कुणाच्या आहेत, त्यावरून ठरवावे.

महाविद्यालय. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीला क्षेत्रप्रकल्प आणि समाजसहभागाचे काम श्रेयांकात धरले जाते. विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांसाठी 'आविष्कार' ही संशोधन स्पर्धा आहे. बारावीला उत्तम गुण मिळवून मूलभूत विज्ञानाकडे वळणाऱ्यांना इन्स्पायरची उच्च शिक्षण शिष्यवृत्ती वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंत मिळते.

आठवीतल्या मुलांसाठी एनएमएमएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा, विसरू नका. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या किंवा अनुदानित शाळेत शिकणाऱ्या आणि साडेतीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाला, निवड झाल्यास, नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. केंद्राची मॅट्रिकपूर्व अल्पसंख्याक शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून पहिली ते आठवीसाठी बंद झाली. नववी-दहावीसाठी त्या वर्षी अर्ज उघडला आहे का, ते राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर पाहा. कुणी एजंट 'चौथीलाही मिळवून देतो' म्हणाला तर एक रुपयाही देऊ नका.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी

दिवाळीच्या सुमारास तांड्यांवरून टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. शाळांचे बहुतेक प्रकल्प नेमके याच महिन्यांत पुरे होतात. नाव नोंदवलेले मूल मांडणीच्या दिवशी हजर नसते आणि त्याचे काम दुसऱ्याच्या नावावर जाते. अशा मुलाला जून ते सप्टेंबरमधली मोजणी द्या, वहीवर त्याची सही घ्या आणि मांडणी दिवाळीआधी एकदा वर्गात करून घ्या. मूल मागे ठेवायचे असेल तर स्थलांतरित पालकांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची तरतूद आहे. टोळी निघण्याआधी मुख्याध्यापकांकडे लेखी मागणी करा.

तुमचे हक्क, आणि ते कुठे मागायचे

शिक्षणहक्क कायदा २००९ मधला हा भाग पहिली ते आठवीला लागू आहे.

- कलम २९ सांगते की शिकणे कृतीतून, शोधातून आणि बालस्नेही पद्धतीने व्हावे, शक्य तितके मातृभाषेतून व्हावे आणि मुलाला भीतीपासून मुक्त ठेवावे. 'प्रयोगाला वेळ नाही' असे उत्तर आले तर या कलमाचा दाखला द्या.
- कलम १७ नुसार मारहाणीसोबत मानसिक छळालाही बंदी आहे. जातीवरून किंवा धर्मावरून टोमणे मारणे, आडनाव विचारून गट बदलणे हे सहन करण्याचे कारण नाही.
- कलम २१ खाली शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असावे लागतात आणि वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा असतात. विनाअनुदानित शाळांना हे कलम लागू नाही. प्रयोगशाळेचे कुलूप उघडत नसेल तर विषय समितीच्या बैठकीत लेखी मांडा आणि इतिवृत्तात आला का ते पाहा.

तक्रार आधी मुख्याध्यापकांकडे द्या, मग पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, नंतर जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे. प्रत्येक वेळी पोच घ्या. त्यानेही भागले नाही तर राज्याच्या बालहक्क संरक्षण आयोगाकडे जाता येते. अल्पसंख्याक समाजाचा प्रश्न असेल तर राज्य अल्पसंख्याक आयोगही आहे. मूल धोक्यात असेल तर १०९८ हा क्रमांक फिरवा. महाविद्यालयांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१२ चे समानतेविषयीचे नियम आहेत. त्यानुसार महाविद्यालयात समान संधी कक्ष असायला हवा.

साधी चूक आणि भेदभाव यांत फरक करा. एखाद्या आठवड्यात मुलीला नोंदीचे काम आले म्हणून तक्रार करू नका. चार आठवडे तेच काम येत असेल, तर वहीचे पहिले पान उघडून शिक्षकांसमोर शांतपणे ठेवा. गटाची वही नीट ठेवण्याचा हाही एक उपयोग.

नदीच्या दोन काठांवरचा पेच

नाक्यावरची काही मुले वाशीमला शिकतात, काही हिंगोलीला. प्रदर्शनासाठी आणि इन्स्पायरसाठी शाळेचा जिल्हा धरला जातो, घराचा नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या शाळेचे दहावी-बारावीचे मंडळ छत्रपती संभाजीनगर विभागाचे आणि विद्यापीठ नांदेडचे. वाशीमला प्रवेश घेतला की मंडळ आणि विद्यापीठ दोन्ही अमरावतीचे होतात. जात आणि उत्पन्नाचे दाखले मात्र राहत्या तालुक्यातून, म्हणजे हिंगोलीहून, काढावे लागतात. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनमध्ये उशिरा उघडतात, त्यामुळे वाशीमला शिकणाऱ्या मुलांनी उगवण चाचणी सुट्टीतच घरी लावावी आणि उलगडलेल्या गोणपाटाचा फोटो तारखेसह काढून ठेवावा.

गटाने काम करण्याचे मोठे उदाहरण मात्र जवळच आहे. हिंगोली जिल्ह्यातच औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा इथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची प्रयोगशाळा उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. एकमेकींशी काटकोन करणाऱ्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा तिला असतील. जगातल्या लायगो गटात हजाराहून जास्त शास्त्रज्ञ आहेत आणि त्यांच्या शोधनिबंधावर त्या सगळ्यांची नावे छापली जातात. तुमच्या शाळेने सहलीसाठी ठिकाण विचारले तर औंढ्याचे नाव सुचवा आणि निघण्याआधी प्रत्येक गटाकडून दोन प्रश्न लिहून घ्या. ते विचारायची पाळी त्या दिवशी ज्याच्याकडे मांडणीचे काम आहे त्याची.